कुलरच्या टाकीतला प्रायमर

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोन केला तेव्हा त्यांना माझा संघर्ष हवा होता. "पुरुषांच्या क्षेत्रात एकट्या स्त्रीनं पाय रोवून..." अशी त्यांनी सुरुवात केली. मी म्हटलं, "बाई, पाय वगैरे राहू द्या, मी प्रायमरवर लिहिते." मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे मेकअपमधलं ना?"

आता यावर हसावं की चिडावं? मी आधी चिडते, हसू नंतर येतं. पण फोन ठेवल्यावर वाटलं, बाई चुकून बरोबर बोलल्या. सध्या प्रायमरचा मेकअपच झाला आहे. वरून चकाचक, आत बोंब. माझा राग आहे तो यावरच, आणि तो काढायला एवढी पानं मिळत असतील तर संघर्ष गेला खड्ड्यात.

मी नागपूरची. वाडीला, अमरावती रोडवर, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या रांगेत आमचं डेंटिंग-पेंटिंगचं वर्कशॉप आहे. ठोकलेल्या गाड्या येतात. आम्ही सडलेला, चेपलेला पत्रा कापतो, नवा बसवतो, वेल्डिंग करतो, रंगवतो. आता ते माझी मुलगी रेखा चालवते. मी निवृत्त आहे. म्हणजे रोज सकाळी जाऊन तिच्या कामात नाक खुपसते आणि तिनं "मम्मी, तू घरी जा ना वं" म्हटलं की तिथंच खुर्ची टाकून बसते.

ज्यांनी वेल्डिंग फक्त लांबून, डोळ्यांवर हात धरून पाहिलं आहे त्यांच्यासाठी सांगते. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून जोडले की त्यांच्या मधली जागा कायमची झाकली जाते. तिथं नंतर ब्रश जात नाही, फवारा जात नाही. पाणी मात्र बरोबर जातं. म्हणून जोडायच्या आधीच त्या आतल्या अंगांना लेप द्यायचा असतो. पण साधा प्रायमर दिला तर तो वीज अडवतो, जळतो, धूर करतो, वेल्डिंगच्या टाक्यात बुडबुडे धरतो. तेव्हा इथं असा प्रायमर लागतो जो वेल्डिंगच्या आड येत नाही आणि नंतर गंजाच्या आड येतो. त्याला वेल्ड-थ्रू प्रायमर म्हणतात. चांगल्यात बारीक जस्त ठासून भरलेलं असतं. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. प्रत्येक कुटुंबात अशी एखादी मावशी असते. तिचंही नाव कोणी घेत नाही.

हे ज्ञान मला जन्मतः नव्हतं. आयटीआयमधून वेल्डरचं सर्टिफिकेट घेऊन मी एका बस-बॉडीच्या शेडमध्ये लागले, तेव्हा माझ्याइतकी हुशार मुलगी नागपूर जिल्ह्यात नाही अशी माझी पक्की समजूत होती. कडक इस्त्रीची डांगरी, दोन वेण्या, आणि वेण्यांना रिबिनी. वेल्डिंगच्या शेडमध्ये रिबिनी! एक पहिल्याच आठवड्यात जळाली, तरी मी दुसरी बांधून आले. असली ती सोंगाडी.

आमच्या उस्तादांनी मला पत्र्याच्या कडा तयार करायला सांगितल्या. मी म्हटलं, नुसत्या कडा काय, नवरीसारख्या सजवून देते. लाल ऑक्साइडचा साधा प्रायमर घेतला आणि दोन्ही कडांना जाडजूड दोन हात मारले. सुकवले, पुन्हा एक हात मारला. मग स्पॉट वेल्डिंगचं मशीन आलं. ते मशीन म्हणजे मोठा चिमटा. दोन्ही बाजूंनी पत्रा दाबतो, वीज सोडतो, तेवढा ठिपका वितळून एक होतो. चिमट्यानं दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. मी सगळ्या शेडला ऐकू जाईल असं जाहीर केलं की व्होल्टेज कमी आहे, आणि मीटरच्या खोलीत जाऊन वायरमनशी भांडले. तो बिचारा खरंच तपासायला लागला. उस्ताद मागून आले, नखानं माझा लाल रंग खरवडला आणि म्हणाले, "बिटिया, बिजली रंग नहीं पीती."

सगळी शेड हसली. मी मात्र वायरमनला शेवटपर्यंत सांगत राहिले की व्होल्टेज कमीच होतं.

पुढे जस्ताचा प्रायमर हातात आला तेव्हा आणखी शहाणपण केलं. जस्त जळालं की पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, तोंडात गोडसर धातूची चव येते. त्याला मास्क लागतो आणि हवा लागते. पण शेडमधले जुने लोक म्हणायचे, गूळ खा, काही होत नाही. मला मास्कमध्ये माझं तोंड बरं दिसत नव्हतं. मी गूळ खाल्ला. ढेपेचा चांगला मोठा तुकडा. ताप आला तो आलाच, वर पोटही बिघडलं. आजही वर्कशॉपमध्ये कोणी मास्क टाकून गुळाचा खडा तोंडात टाकला की मी खुर्चीतून ओरडते, "काहून रे, तापही पाहिजे आणि जुलाबही पाहिजे काय?"

असो. यंदाच्या जूनकडे येते, कारण डोकं तिथं तापलं.

सुधाकर शाळेची व्हॅन चालवतो. वाडीतली पोरं धरमपेठेतल्या शाळेत नेतो-आणतो. माणूस चांगला. पाऊस असला की स्वतः भिजतो आणि एकेका पोराला छत्रीखाली दारात पोचवतो. शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात तो गाडी घेऊन आला.

"जयभीम काकू. सरकता दरवाजा जाम होऊन राहिला. थोडं ग्रीस मारून द्या. सोमवारी शाळा आहे."

मी दरवाजा सरकवून पाहिला. दरवाजा जाम नव्हता, खाली बसला होता. दरवाजा खाली बसतो म्हणजे त्याच्या खालची जागा बसलेली असते. दरवाज्याखाली गाडीच्या लांबीची एक पोकळ पेटी असते, तिला आम्ही सिल म्हणतो. गाडीची फरशी तिला जोडलेली, आणि सीटचे पाय फरशीला. बाहेरून सिल अशी चमकत होती की तोंड पाहून घ्यावं. दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी ट्रॅक्टरनं ठोकली होती, तेव्हा ती एका काचेच्या ऑफिसवाल्या गॅरेजमध्ये नवी करून घेतली होती म्हणे. तिथं बसायला एसी, प्यायला कॉफी.

मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं टकटक केलं. एका जागी ठणठण, पुढे भदभद. मग टोक लावलं आणि थोडं दाबलं. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत.

"काय केलं काकू हे!" सुधाकर ओरडला.

"मी काही नाही केलं गा. मी फक्त दार वाजवलं. घरात कोणीच नाही."

त्याचा चेहरा उतरला. मग तो तेच वाक्य बोलला, जे ऐकून माझं टाळकं फिरतं. "वरून एक पट्टी मारून द्या ना. पुट्टी भरा, रंग मारा. दिसणार नाही."

दिसणार नाही! उभा जन्म हे ऐकत आले. ज्याच्या जोरावर गाडी उभी असते, तेवढंच नेमकं दिसत नाही, आणि जे दिसतं त्यावर लोक नखाएवढा ओरखडा सहन करत नाहीत. पोरांचे आईबाप व्हॅन लावताना विचारतात, कॅमेरा आहे का, मोबाईलवर गाडी कुठे आहे ते दिसतं का. विचारावंच. पण खाली वाकून कोणी एकदा तरी पाहिलं, पोराचं सीट कशाला धरून आहे?

मी सुधाकरला म्हटलं, "सकाळपासून काही खाल्लं नसशील. जा, कोपऱ्यावर तर्री-पोहे खाऊन ये. तोवर पाहते."

तो गेला. मी रेखाला म्हटलं, "ग्राइंडर दे." ती म्हणाली, "मम्मी, त्याले विचारलं काय?" मी म्हटलं, "विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता." सुधाकर ओठ पुसत परत आला तेव्हा सिल कापून जमिनीवर पडली होती. गाडी आता कुठेही जाऊ शकत नव्हती.

तो आधी गाडीकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. "काकू, तुम्ही आजी आहात का डाकू?"

"दोन्ही," मी म्हटलं. "इकडे ये, पाहा."

कापलेल्या पेटीचा जोड मी छिन्नीनं उघडला. बाहेरच्या अंगाला छान रुपेरी रंग होता. दोन पत्र्यांच्या मधे काहीच नव्हतं. लेपाचा मागमूस नाही, नुसता गंज, ओल्या मिरचीपुडीसारखा. म्हणजे आधी जोडलं आणि मग वरून चांदी मारली. गिऱ्हाइकाला फोटो पाठवायला! सुधाकरच्या मोबाईलमध्ये तो फोटो अजून होता. खाली इंग्रजीत ‘वेल्ड-थ्रू प्रायमर लावला’ असंही लिहिलेलं होतं. मी त्या गॅरेजच्या मालकाला जे जे बोलले ते या अंकात छापणार नाहीत.

नवी सिल रेखानं पत्रा वाकवून तयार केली. प्रायमर मात्र संपला होता. सुधाकरला मागे बसवून मी स्कूटीवर शहरातल्या पेंटच्या दुकानात गेले. दुकानदार गोपालसेठ माझा जुना ओळखीचा. पाहिल्याबरोबर म्हणाला, "माताजी, आपका वाला माल नहीं आया. बुधवारी येईल. पण हे दोन घ्या ना, सगळे हेच नेतात."

त्यानं फवाऱ्याचे दोन डबे काउंटरवर ठेवले. दोन्हींवर वेल्ड-थ्रू लिहिलेलं. डबा निवडताना मी आधी वाचत नाही, उचलते. जस्ताचा डबा हाताला जड लागतो. पहिला, रुपेरी, हाताला फुलासारखा. मग हलवते. जस्त तळाशी घट्ट बसलेलं असतं, आतली ढवळायची गोळी सुटायला वेळ लागतो; सुटली तरी डबा बराच वेळ हलवावा लागतो, नाहीतर नुसतं पातळ पाणी बाहेर येतं आणि जस्त डब्यातच राहतं. या रुपेरीतली गोळी पहिल्याच झटक्यात खुळखुळली. लहान पोराचा खुळखुळा बरा.

"सेठ, हे तर फाटकाला मारायची चांदी आहे."

"माताजी, लेबल देखो ना."

"लेबल काय गंजून राहिलं काय? गंजते तो पत्रा."

दुसरा तांब्याचा होता. तो खोटा नव्हता. त्यावरून टाका सुंदर बसतो, ठिणग्या कमी उडतात, म्हणून कामगारांना तो आवडतो. मलाही एके काळी फार आवडायचा, कारण माझे टाके त्यावर फोटोतल्यासारखे दिसायचे. पण तांबं आणि लोखंड शेजारी बसवून मधे पाणी सोडलं की लोखंड आधी जातं. आणि शाळेच्या व्हॅनची सिल म्हणजे पाण्याचं माहेर. वर पावसाळा, आणि इतर दिवशी सुधाकर रोज सकाळी पाइप लावून धुतो.

सुधाकरला माझं व्याख्यान नको होतं. "काकू, दोन्हीवर तेच लिहिलं आहे. एक घ्या आणि चला. माझ्या फोनवर पोरांच्या आया रडून राहिल्या, सोमवारी गाडी येते का म्हणून. दुसरा व्हॅनवाला टपूनच बसला आहे."

त्याचं खोटं नव्हतं. शाळेची पोरं एकदा दुसऱ्या व्हॅनमध्ये बसली की वर्षभर परत येत नाहीत. मी म्हटलं, "घरी चल. तिथं ठरवू."

आमच्या घरी खिडकीला कुलर आहे. नागपुरात कोणाच्या नाही? आणि नागपूरकराला सांगायला नको की कुलरची पत्र्याची टाकी कुठून गळते. जोडातून. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी आपण तिला डांबर फासतो आणि दर उन्हाळ्यात ती गळते. ते पाहूनच मला ही युक्ती सुचली होती. बाजारात नवा प्रायमर आला की मी पत्र्याच्या दोन पट्ट्यांना तो मधे लावते, जोडते, आणि होळी झाली की तारेला बांधून कुलरच्या टाकीत सोडते. कोणती पट्टी कोणत्या डब्याची हे कळावं म्हणून कानसेनं खाचा करते. आमच्या यजमानांचं आयुष्य या पाण्याच्या हवेत गेलं.

मी टाकीचं झाकण काढलं तसे ते आतून ओरडले, "आता कोणाले बुडवून राहिली?"

"काढून राहिली," मी म्हटलं.

नशिबानं यंदा तिन्ही डब्यांच्या पट्ट्या टाकीत होत्या. ओट्यावर पट्ट्या ठेवल्या, छिन्नी घेतली आणि सुधाकरच्या देखत एकेक जोड फोडला. रुपेरीच्या आत तोच ओला गंज, त्याच्या सिलमध्ये होता तसाच, अजून कोवळा. तांब्याचा टाका अजून सुंदर होता. पण त्याच्या भोवती, लेप जळाला होता तिथं, पत्र्याला देवीच्या व्रणांसारखे खड्डे. तिसरी पट्टी जस्ताची. ती पांढरी भुकटी धरून बसली होती. मी अंगठ्यानं पुसली. खाली पत्रा करडा, शाबूत.

सुधाकरनं स्वतः अंगठा फिरवून पाहिला. मला वाटलं, आता हा म्हणेल, काकू, तुम्ही म्हणाल तसं. तो म्हणाला, "कळलं मले. पण काकू, सोमवार?"

पट्टीनं त्याला पटवलं, पण पट्टी काही पोरं नेऊन सोडणार नव्हती. रेखाही त्याच्या बाजूनं झाली. "मम्मी, त्याची रोजी आहे. तांब्याचा मारू, आतून पाणी अडवायचं मेण जास्त भरू. चालेल."

"चालेल," मी म्हटलं, "पण मी नाही चालवणार. या गाडीत पोरं बसतात." आणि चिडून असंही म्हटलं की बुधवारच्या आधी कोणी त्या सिलला हात लावला तर मी त्याच सिलमध्ये जाऊन झोपेन. रेखा म्हणाली, "मावणार नाहीस."

सोमवार ते बुधवार सुधाकरनं ओळखीचे ऑटो लावून पोरं पोचवली. बहुतेक टिकली. दोन बहिणी दुसऱ्या व्हॅनमध्ये गेल्या त्या गेल्याच. तो वर्कशॉपच्या दारातून रोज एक चक्कर मारायचा आणि म्हणायचा, "तुमच्या डब्यापायी माझी शाळा बुडून राहिली." मी गोपालसेठला फोन लावायचे.

बुधवारी डबा आला. जड. गोळी कितीतरी वेळ सुटेना, तेव्हा मला बरं वाटलं. रेखानं कडा लखलखीत उघड्या केल्या, कारण हा लेप नंग्या पत्र्यालाच धरतो. दोन पातळ हात मारले, जाड एक नाही. पूर्ण सुकू दिला. आम्ही सीओटू वेल्डिंग करतो, त्यात वरच्या पत्र्याला भोकं पाडून ती टाक्यानं भरतात. तेव्हा नेमक्या त्या भोकांपुरता लेप पुसून घेतला, नाहीतर जस्त उकळून टाका पोकळ होतो. टाके झाल्यावर बाहेर आलेला लेप घासून काढला, कारण त्यावर रंग नीट बसत नाही. जोडाला सीलर, आणि पोकळीत नळी घालून मेण. शेवटी सिलच्या तळाची भोकं मोकळी आहेत ना ते पाहिलं. ती भोकं कंपनीच ठेवते. आत पाणी जाणारच, ते बाहेर पडायला वाट हवी.

मी बाजूला खुर्चीवर होते. मला फक्त ओरडायचं होतं, पण रेखानं एकही चूक केली नाही. फार वाईट दिवस गेला.

सुधाकरनं दरवाजा सरकवला. एका बोटानं सरकला. त्यानं माझ्या पाया पडायचं नाटक केलं, मी त्याला हाकललं. मग जाता जाता म्हणतो, "काकू, रंग मात्र तिकडे मारून घेतो हं. राग नका मानू. तुमचा रंग त्यांच्यासारखा चमकत नाही."

तिकडे! त्याच काचेच्या ऑफिसात! ज्यांनी रिकामा जोड झाकून फोटो पाठवला, त्यांच्याकडे! मी रागानं चहा सांडला. यजमान म्हणाले, "तुझं काम आतलं होतं ना? मग बाहेरच्याचं काहून घेतेस?" असल्या शांत माणसाबरोबर राहणं फार कठीण असतं.

पण मला चैन पडेना. शनिवारी शाळेनंतर टाकलेली व्हॅन रविवारी रंगून आली तेव्हा मी चौकातल्या स्टँडवर गेले, आधी गाडीभोवती फिरले, मग गुडघे धरत खाली बसले आणि वाकून पाहिलं. सिलच्या तळाची भोकं, सगळीच्या सगळी, पुट्टीनं बुजवून वरून गुळगुळीत रंगवलेली. मेणाचा एखादा थेंब गॅरेजच्या चकचकीत फरशीवर पडला असेल, म्हणून भोकंच बुजवली. ते दिसत होतं ना! आत आता पावसाचं पाणी साठणार, आणि कितीही जस्त असलं तरी ते शेवटी झिजणारच.

मी पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला. पर्समध्ये स्क्रूड्रायव्हर का होता, असं सुधाकरनं विचारलं नाही. तो आता ओळखतो मला. त्याच्या नव्या रंगाचे टवके उडाले. तो नुसता "काकू... काकू..." करत राहिला, पण त्यानं माझा हात धरला नाही. शेवटचं, उताराकडचं भोक त्यानं स्वतः मोकळं केलं, आणि लगेच सिलमधून पाण्याची बारीक धार लागली. गॅरेजमधून धुऊन आणलेल्या गाडीचं पाणी. आम्ही दोघं ती धार थांबेपर्यंत पाहत बसलो.

मग सुधाकरनं त्या गॅरेजला फोन लावला. तो काय बोलला, तेही या अंकात छापणार नाहीत. पण या वेळी ते त्याचे शब्द होते, त्यामुळे मला जास्त आवडले.

आता पावसाळा संपत आला, तरी दर सोमवारी सकाळी मी स्टँडवर जाते. व्हॅन सुटायच्या आधी खाली वाकते आणि एकेक भोक टोकरून पाहते. दर वेळी सुधाकर सांगतो, "काकू, मी केलं आहे," आणि दर वेळी खरंच केलेलं असतं. तरी मी वाकते. परवा खिडकीतून एका चिमुरडीनं डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "आजी, तू काय करून राहिली खाली?"

"तुझ्या गाडीचं नाक साफ करून राहिली."

तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग तिला सर्दी झाली का?"

"नाही," आतून सुधाकर म्हणाला, "होऊ नाही देत ही बाई."